पाय अंगापेक्षा जाड असलेला फॉन्ट सर्कशीच्या पोस्टरला चालेल का?

पावतीपुस्तक

मंडळी, एक अडलंय म्हणून धागा काढतोय. जाणकारांनी प्रकाश टाका, अजाणकारांनीही टाका, कारण पोस्टर शेवटी त्यांनाच बघायचंय.

आमच्या हौशी ग्रुपची एकांकिका बसतेय. गोष्ट एका डबघाईला आलेल्या सर्कशीच्या तंबूत घडते, नावात 'सर्कस' हा शब्द आहे, पूर्ण नाव आत्ता सांगत नाही. माझा धंदा डीटीपीचा, म्हणजे पत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, त्यामुळे पोस्टर कोण करणार हे मीटिंगमध्ये कोणी विचारलंच नाही, सगळ्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. डोक्यात होतं की वर देवनागरीत नाव आणि खाली इंग्रजी अक्षरांत मोठ्ठं 'सर्कस', सहाच्या सहा अक्षरं कागदभर. फॉन्टची यादी चाळताना प्लेबिल सापडला. हा तुमच्या माझ्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं पडून असतो, एमएस ऑफिसबरोबर येतो, आणि बहुतेकांनी तो एकदाही वापरलेला नसतो.

ज्यांना फॉन्टची भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्रजी अक्षराच्या दांड्याच्या टोकाला जो छोटा आडवा पाय असतो तो सेरिफ. टाइम्स रोमनमध्ये तो नाजूक, निमुळता असतो. तोच पाय विटेसारखा चौकोनी आणि जाडजूड केला की झाला स्लॅब सेरिफ. रॉकवेल हा त्यातला सभ्य माणूस, पाय आणि दांडा साधारण सारख्या जाडीचे. पण प्लेबिलमध्ये काय केलंय तर पाय दांड्यापेक्षा जाड! उंच चिंचोळं अंग आणि वर-खाली दोन दणदणीत पट्ट्या. मोठा 'आय' टाइप करून बघा, दोऱ्याचं रीळ दिसतं. शेजारी शेजारी अक्षरं आली की वर एक काळा पट्टा, खाली एक काळा पट्टा आणि मधे कुंपण.

मला जाम आवडला. ग्रुपवर टाकला तर दिग्दर्शक म्हणाला 'घोडा कुठाय?', लेखिका म्हणाली 'डाकूला पकडून देणाऱ्यास इनाम असं खाली लिही', आणि आमचा प्रकाशयोजनावाला नुसता टोपीवाला इमोजी टाकून झोपला.

तर प्रश्न दोन. एक, हा फॉन्ट खरंच काउबॉयचा आहे का? दोन, याच्या जोडीला देवनागरीत काय लावू? मी श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरमधले सगळे जाड फॉन्ट लावून पाहिले, सगळे शेजारी उभे केल्यावर पाहुण्यासारखे अवघडून बसतात.

तिरपागडा

मराठी एकांकिकेला इंग्रजी अक्षरं कशाला, त्यात पुन्हा काउबॉयची कशाला? आपल्याकडे सुलेखनाची एवढी परंपरा, नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडग्यांनी नुसत्या अक्षरांतून नाटकाचा मूड उभा केला, आणि तुम्ही बसलाय ऑफिसचे फॉन्ट उचकत. बाकी चालू द्या.

साधा वाचक

दोऱ्याच्या रिळाला +१. आत्ता ऑफिसात 'आय' टाइप करून बघितला, शेजारचा विचारतोय काय हसतोयस. बाकी विषयातलं काही कळत नाही, पण वाचतोय.

कानामात्रा

माझा आवडता विषय आहे त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, हा फॉन्ट काउबॉयचा नाही. प्लेबिल इंग्लंडचा. रॉबर्ट हार्लिंग नावाच्या गृहस्थाने १९३८ मध्ये शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक फाउंड्रीसाठी, म्हणजे छपाईची अक्षरं ओतणाऱ्या कारखान्यासाठी, तो केला. आणि प्लेबिल म्हणजे काय, तर नाटकाची जाहिरात, थिएटरच्या भिंतीवर चिकटवायचा कागद! म्हणजे पावतीपुस्तकराव, तुम्ही नकळत नाटकाच्या पोस्टरला नाटकाच्या पोस्टरचाच फॉन्ट लावलाय. दिग्दर्शकाला सांगा घोडा तबेल्यात आहे.

पण हार्लिंगनेही तो हवेतून काढला नाही, त्याने शंभरेक वर्षांपूर्वीची फॅशन उकरून काढली. ती गोष्ट अशी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या भिंतींवर लॉटऱ्या, नाटकं, औषधं, बोटींची वेळापत्रकं यांच्या जाहिरातींची नुसती मारामारी चालली होती. तोपर्यंत खिळे, म्हणजे छपाईचे शिशाचे ठसे, पाडले जायचे ते पुस्तकांसाठी, आता रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल असं अक्षर हवं होतं. आधी अक्षरांचे दांडे फुगवले, त्याला फॅट फेस म्हणतात. मग १८१५ च्या आसपास व्हिन्सेंट फिगिन्सने पायच जाड केले आणि 'अँटिक' नावाने विकायला काढले, हा पहिला स्लॅब धरतात. नेपोलियनच्या स्वारीनंतर इजिप्तचं खूळ होतंच, म्हणून असल्या अक्षरांना 'इजिप्शियन' नावही पडलं. इजिप्तशी संबंध शून्य. मालाला नाव लावायचं म्हणून लावलं.

आणि मग १८२१ मध्ये कॅस्लन अँड कॅथरवुड या फाउंड्रीने खरा वात्रटपणा केला. इंग्रजी अक्षरात उभी रेघ जाड आणि आडवी बारीक हा लेखणीपासून चालत आलेला रिवाज. यांनी तो चक्क उलटा केला. जिथे जाड तिथे बारीक, जिथे बारीक तिथे जाड. 'ओ' घ्या, नेहमी त्याची कूस जाड असते आणि वर-खाली बारीक, यात वर-खाली दोन पोळपाट आणि कुशीला दोरा. नाव दिलं 'इटालियन'. इटलीशीही संबंध शून्य, हे वेगळं सांगायला नको. टी. सी. हॅन्सार्ड या छपाईवाल्याने १८२५ च्या आपल्या ग्रंथात असल्या अक्षरांची खरडपट्टी काढली. पण लोकांचे पाय थबकत होते ना, मग फाउंड्र्या कशाला ऐकतील.

१८४५ मध्ये रॉबर्ट बेस्लीच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून क्लॅरेंडन आला. हा समजूतदार स्लॅब, पाय दांड्याला कोपऱ्यात गोलाई देऊन जोडलेले. बेस्लीने त्याची कायद्याने नोंदणी केली होती, पण संरक्षण मिळालं फक्त तीन वर्षांचं, ते संपल्याबरोबर सगळ्यांनी नकला काढल्या. पुढे अमेरिकेत १८६० च्या दशकात कुणीतरी क्लॅरेंडनला चिंचोळा करून पाय पुन्हा फुगवले, 'इटालियन'चा वात्रटपणा आणि क्लॅरेंडनची गोलाई एकत्र. तो फ्रेंच क्लॅरेंडन. फ्रान्सशी संबंध... तुम्हीच सांगा. हार्लिंगने उकरला तो हा.

काउबॉयचं लेबल नंतर सिनेमावाल्यांनी चिकटवलं. अमेरिकेत त्या काळी गावोगावच्या छापखान्यांत हेच ठसे होते, त्यामुळे लिलाव, सर्कस, बोटी, फरार गुन्हेगार सगळंच त्यात छापलं जायचं. सिनेमाने त्यातला फरार तेवढा उचलला.

साधा वाचक

इजिप्शियन इजिप्तचा नाही, इटालियन इटलीचा नाही, फ्रेंच फ्रान्सचा नाही. म्हणजे आपल्या चायनीजच्या गाडीसारखंच की.

पावतीपुस्तक

कानामात्रा ताई, दंडवत! ग्रुपवर तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा फॉरवर्ड केलाय. दिग्दर्शक म्हणतो 'प्रेक्षकांना पोस्टरखाली तळटीप देणारेस का?' त्याचंही बरोबर आहे म्हणा.

एक घोळ सांगतो. माझ्या कागदाची रुंदी भरत नव्हती, प्लेबिल फारच चिंचोळा पडला, म्हणून मी कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये धरून आडवा ताणला, दीडपट. आणि ताणल्यावर त्यातली गंमतच गेली, साधा कुठलातरी जाड फॉन्ट वाटायला लागला. असं का होतं?

कानामात्रा

अहो ताणू नका हो!! आडवं ताणलं की उभे दांडे दीडपट जाड होतात पण पट्ट्यांची उंची आहे तेवढीच राहते. म्हणजे दांडा पायाच्या जाडीला येऊन पोचतो. या फॉन्टची सगळी ऐट पाय जाड नि दांडा बारीक या फरकात आहे, तोच तुम्ही हाताने पुसलात. उभं ताणलं तर उलट, पट्ट्या अजून फुगतात आणि मधलं कुंपण लांब होतं, ते एकवेळ दिसायला चालतं पण 'ई'चा मधला दांडा आणि 'एस'चं पोट विचित्र दिसतं. रुंदी भरायची तर अक्षरांमधे जागा सोडा किंवा साइज वाढवा.

जुना जुळारी

नमस्कार. मी सहसा लिहीत नाही, नातीने धागा दाखवला म्हणून लिहितो. टायपिंगच्या चुका पोटात घाला, आयुष्यभर खिळे उलटे वाचले, सुलटं टाइप करायला वेळ लागतो.

पावतीपुस्तक यांनी ओळ ताणली ते वाचून हसू आलं कारण ही अक्षरं जन्माला आली तीच मुळी ओळ भरायला. पोस्टरचा नियम असा की प्रत्येक ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचली पाहिजे. 'आज रात्री' हे दोनच शब्द असतील तर पसरट ठसा घ्यायचा आणि नटाचं नाव लांबलचक असेल तर चिंचोळा. ताणायची सोय नव्हती, म्हणून एकाच वळणाचे चिंचोळे, मध्यम, पसरट असे वेगवेगळे संच ठेवायचे. म्हणून जुन्या पोस्टरमध्ये सात ओळी आणि सात प्रकारची अक्षरं दिसतात, हौस म्हणून नाही, माप म्हणून.

आमच्या छापखान्यात मी ७४ ते ९१ होतो. कुस्तीचं मैदान, तमाशाचा फड, बैलबाजार, असली पोस्टरं ट्रेडलवर, म्हणजे छोट्या छपाई मशीनवर, बसत नसत, त्याला मोठं मशीन होतं. अंगठ्याएवढ्या अक्षरापर्यंत शिसं, त्याच्या पुढे लाकूड. कारण वीतभर उंचीचं अक्षर शिशात ओतलं तर वजनाने फर्मा, म्हणजे जुळवलेल्या अक्षरांची चौकट, उचलायचा नाही, आणि थंड होताना पृष्ठभाग कुठेतरी खचतो, मग छापताना मधे पांढरा डाग. लाकूड हलकं, सपाट आणि स्वस्त. आमच्याकडे देवनागरीचे लाकडी ठोकळे होते त्यात सगळ्यात झिजलेला ठोकळा 'श्री'चा, कारण कुस्ती असो की तमाशा, पोस्टर त्यानेच सुरू व्हायचं. त्याच्याखाली आम्ही विडीच्या पाकिटाचा कागद घालून उंची भरून काढायचो.

इंग्रजी लाकडी अक्षरांची एक पेटी होती, जुन्या मालकांनी कुठूनतरी लिलावात आणलेली. त्यात हेच, रिळाचं अक्षर. वापर फार नाही, 'टूरिंग टॉकीज' असं एकदोनदा छापल्याचं आठवतं. पण एक गोष्ट कधी विसरणार नाही. शिशाच्या खिळ्याला पोटाशी एक खाच असते, बोट फिरवलं की न बघता कळतं अक्षर सुलटं आहे की उलटं. लाकडाला खाच नाही. त्यामुळे 'ओ', 'आय', 'एच', 'एन', 'एस' ही अक्षरं डोक्यावर उभी राहिली तरी जुळाऱ्याला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याला, पत्ता लागत नाही. 'ओ' नि 'आय'ला काही बिघडत नाही. पण 'एस'चं वरचं पोट लहान आणि खालचं मोठं असतं, उलटा लागला की डोकं जड झालेल्या माणसासारखा दिसतो. मालक पोस्टर वाळत घातल्यावर लांबून बघायचे आणि फक्त 'एस' एवढंच म्हणायचे. आमच्या पोटात गोळा.

विस्कॉन्सिनची वहिनी

काका, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. माझं सासर तिकडे आणि घर इकडे विस्कॉन्सिनमध्ये. आमच्यापासून ड्राइव्ह करून जाता येईल अशा अंतरावर मिशिगन सरोवराच्या काठी टू रिव्हर्स नावाचं छोटं गाव आहे, तिथे हॅमिल्टन या लाकडी अक्षरं बनवणाऱ्या कंपनीचं म्युझियम आहे. नवऱ्याला मासे पकडायचे होते म्हणून गेलो आणि मी चार तास म्युझियममध्येच.

तिथे पंधरा लाखांच्या आसपास लाकडी अक्षरं आहेत, खण उघडायचे आणि बघत बसायचं. हॅमिल्टनने १८८० मध्ये धंदा सुरू केला तो स्वस्तातल्या युक्तीने, पातळ लाकडातून करवतीने अक्षर कापून ते दुसऱ्या ठोकळ्यावर चिकटवायचं. पुढे पैसा आल्यावर मेपलच्या लाकडावर आले आणि एकेक करून स्पर्धकांना विकत घेतलं. मेपल पण कसा, तर खोड आडवं कापून, म्हणजे पोळपाटासारखी चकती, जिच्यात तंतू उभे असतात. त्यामुळे हजारो वेळा दाबलं तरी कड तुटत नाही. त्याच्या आधीची गोष्टही तिथे लावलीय, न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकूड कोरायचं फिरतं यंत्र बनवलं, आणि १८३४ मध्ये लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफ जोडला, म्हणजे एका बाजूला नमुन्यावरून काटा फिरवायचा आणि दुसरीकडे तेच अक्षर हव्या त्या साइजमध्ये कोरून निघतं. डिझायनरला फक्त एक नमुना काढायचा. मग काय, वात्रटपणाला ऊत!

एक जण डेमो देत होते त्यांनी माझ्या हातात फ्रेंच क्लॅरेंडनचा 'एम' दिला. तीन दांडे नि वर-खाली पट्ट्या, मधल्या फटी इतक्या अरुंद की नखही जाईना. शाई त्यात साचू नये म्हणून फटी खोल कोरलेल्या. वास अजून आठवतो, केरोसीन आणि जुनं कपाट.

अवांतर: इथल्या नॅशनल पार्कचे रस्त्यावरचे तपकिरी बोर्ड आधी क्लॅरेंडनमध्ये असायचे, नंतर त्यांनी रॉलिन्सन नावाचं वेगळं अक्षर करून घेतलं. म्हणजे तोच स्लॅब, एका कामात तमाशा, दुसऱ्या कामात सरकारी साहेब.

तिरपागडा

माहिती छान आहे, नाही म्हणत नाही. पण माझा मुद्दा तसाच आहे. अक्षर वाचण्यासाठी असतं. हे वाचायला त्रास देतं. काल मी मोबाइलवर प्लेबिलमध्ये एक परिच्छेद लावून बघितला, बिस्किटाच्या पुड्यावरचा बारकोड दिसला. मग हॅन्सार्ड का कोण तो बरोबरच बोलला ना?

कानामात्रा

परिच्छेद लावलात कशाला? डफ घेऊन अंगाई म्हणायची आणि मग डफाला नावं ठेवायची. हे तीन-चार शब्दांचं अक्षर आहे, वीतभर उंचीच्या पुढे. बारीक साइजला पट्ट्या एकमेकींत मिसळणारच, वाचताना डोळा अक्षरांच्या वरच्या भागातल्या फरकावर चालतो आणि इथे सगळ्यांची वरची बाजू एकसारखी पट्टी. पण लांबून, मोठ्या साइजला तीच पट्टी शब्दाला एकत्र बांधते, शब्द म्हणजे एक डबा दिसतो. तुमचं 'वाचायला त्रास' हे बरोबर आहे, फक्त तो दोष म्हणून ठेवलेला नाही, तिथे नजर अडकावी म्हणूनच ठेवलाय. गावच्या जत्रेत भोंगा लावतात तो काय सुरेल म्हणून लावतात?

यावरून एक भारी प्रयोग आठवला. पीटर बिल्याक नावाचा डिझायनर आहे, हेगच्या टिपोटेक या फॉन्टच्या कंपनीवाला. त्याने २०१२ मध्ये कार्लॉफ नावाचं कुटुंब काढलं. एका टोकाला बोडोनी या जुन्या इटालियन फॉन्टच्या वळणाचं, सगळ्यांना देखणं वाटणारं अक्षर. दुसऱ्या टोकाला ह्या 'इटालियन'च्या वळणाचं, कुरूप म्हणून हिणवलेलं. सांगाडा तोच, फक्त जाड-बारीक उलटं. मग त्याने कॉम्प्युटरला सांगितलं या दोघांच्या बरोब्बर मधलं काढ. काय निघालं असेल? साधा, शांत, सगळ्या रेघा सारख्या असलेला स्लॅब सेरिफ!! देखणा अधिक कुरूप भागिले दोन बरोबर सज्जन. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रूममेटला फोन करून सांगितलं होतं, तिने 'जेवलीस का' विचारलं.

पावतीपुस्तक

हाहाहा. तिरपागडाराव, एक सांगू का, मराठी एकांकिकेत तिकडचं अक्षर कशाला म्हणालात, पण सर्कस तरी कुठली? विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये आपली पहिली सर्कस काढली ती मुंबईत आलेल्या कियारिनीच्या रॉयल इटालियन सर्कशीचे खेळ बघून. त्यामुळे आमच्या तंबूवर 'इटालियन' चालून जाईल, आणि हा इटालियन तरी निदान खरा इटलीचा होता.

तिरपागडा

हे मान्य. एक गुण तुम्हाला. देवनागरीचं काय करताय ते सांगा मग बोलू.

कानामात्रा

हो, दुसरा प्रश्न राहिलाच. आणि खरी मजा तिथेच आहे.

पहिला विचार सगळ्यांना हाच येतो की देवनागरीला पण वर-खाली पट्ट्या लावू. मीही कॉलेजात केलंय, मार खाल्लाय. वरची पट्टी आपल्याकडे आयतीच आहे, शिरोरेषा. इंग्रजीवाल्यांना जो पट्टा अक्षरं चिकटवून मिळवावा लागतो तो आपल्याला जन्मजात. प्रश्न खालचा. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असतं म्हणून त्याला पाय शोभतात. आपलं अक्षर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखं वरून लोंबतं. लोंबत्या कपड्याला बूट घातल्यासारखं होतं ते. शिवाय कान्याच्या टोकाला वीट लावली की उकार कुठे जाणार? 'कु', 'सू' लिहून बघा, उकार आणि वीट एकमेकांच्या उरावर.

वरची शिरोरेषा जाड करतानाही सांभाळा. 'ध' आणि 'भ' यांच्यात शिरोरेषेला जी फट असते तीच त्यांची ओळख. रेष फार जाड झाली की फट एक टिंब होऊन बसते आणि लांबून 'ध'चा 'घ', 'भ'चा 'म' होतो. 'भव्य सर्कस'चं 'मव्य सर्कस' होईल. तुमच्या सुदैवाने 'सर्कस' शब्दात असलं अक्षर नाही. पण रफार आहे! जाड रेषेवर रफार बसवला तर तो चेपलेल्या टोपीसारखा दिसतो, त्याला वर जागा द्यावी लागेल, म्हणजे एकूण ओळीची उंची वाढवा.

मी असं करीन: पाय विसरा. उलटं जाड-बारीक एवढीच कल्पना उचला. म्हणजे आडवं ते सगळं जाड, उभं ते सगळं बारीक. 'सर्कस'मध्ये आडवं काय काय आहे? शिरोरेषा, आणि दोन्ही 'स'च्या मधल्या, कान्याला जोडणाऱ्या रेघा. झालं! दोन 'स' शब्दाच्या दोन टोकांना, त्यामुळे वजन आपोआप तोललं जातं, मधे 'क' त्याच्या बारीक दांड्यावर दोन्ही बाजूंची कडी घेऊन डोंबाऱ्यासारखा उभा. त्या कड्या वर-खाली जाड ठेवा आणि कुशीला बारीक, तुमच्या 'ओ'सारख्या. याला फॉन्ट शोधू नका, हाताने काढा, तीनच तर अक्षरं आहेत.

तयार फॉन्टच हवा असेल तर रोझा वन मोफत आहे, त्यात जाड-बारीकचा फरक टोकाचा आहे पण नेहमीच्या दिशेने. यात्रा वन पण बघा, मुंबईच्या लोकल स्टेशनवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला. कर्मा नावाचाही आहे, त्याची इंग्रजी बाजू स्लॅबची, पण तो सज्जन गटातला, मजकुरासाठी. कलाकारांची नावं वगैरे कर्मात टाका.

जुना जुळारी

पोरगी बरोबर बोलते आहे. पावतीपुस्तक, एक आगाऊ सल्ला. तीन अक्षरं हाताने काढणारच आहात तर इंग्रजीची सहा पण काढा आणि लाकडात कापून घ्या. आता लेझरवाले गल्लोगल्ली आहेत. मशीन नको, रोलरने शाई लावा, वरून कागद ठेवा आणि स्टीलच्या वाटीच्या बुडाने घासा. छापायच्या मशीनला ठोकळ्याची उंची बरोबर ०.९१८ इंच लागते, वाटीला काही लागत नाही. सर्कशीचं पोस्टर जरा डागाळ निघालं तर शोभेल.

विस्कॉन्सिनची वहिनी

करा करा करा! आणि फोटो टाका.

साधा वाचक

वाटी आमच्याकडून.

पावतीपुस्तक

मंडळी, अपडेट. उशीर झाला, तालमी चालू होत्या.

काकांचं ऐकलं. कानामात्रा ताईंनी सांगितल्यासारखं 'सर्कस' काढलं, पहिल्या तीन प्रयत्नांत रफार चेपला, चौथ्यात मोकळा बसला. इंग्रजीची सहा अक्षरं जुन्या ठशांचे फोटो बघून स्वतः काढली, पाय दांड्याच्या सव्वापट जाड ठेवले. दीडपट करून बघितले होते, मग मधलं अंग दिसेचना. अठरा मिलिमीटरच्या एमडीएफवर, म्हणजे दाबून केलेल्या लाकडी फळीवर, कापायला दिलं. अक्षरं हातात आली, इतकी सुंदर की मी टेबलावर मांडून बायकोला बोलावलं. ती बघून म्हणाली 'छान आहेत, पण छापल्यावर उलटी येतील ना?'

आली की हो. आरसा करायचा राहिला. वीस वर्षं या धंद्यात आहे, रबरी शिक्के करून देतो मी लोकांना!

बरं पूर्ण वाया गेलं नाही. 'आय' आणि 'यू' आरशातही तसेच. दोन्ही 'सी' खालचं डोकं वर करून फिरवले की सुलटे छापतात, कारण मी वरचा नि खालचा भाग सारखाच काढला होता. फक्त 'आर' आणि 'एस' परत कापून घेतले. देवनागरी तिन्ही पुन्हा कापली, तिथे असली काही सोय नाही, लेझरवाल्याने त्याचे पैसे घेतले पण हसायचे घेतले नाहीत.

काल रात्री आमच्या तालमीच्या हॉलमध्ये सगळ्यांनी बसून छापली. दिग्दर्शक रोलरवर, लेखिका वाटीवर, मी कागद उचलायला. लाल शाई, पिवळा घोटीव कागद. दीडशे प्रती. एमडीएफ शाई पितं हे कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या दहा-बारा प्रती फिक्या निघाल्या, मग ठोकळ्यांना वार्निशचा हात दिला, दोन तास वाळवला आणि मग काय काळ्याभोर... म्हणजे लालभडक पट्ट्या! वरची देवनागरीची जाड शिरोरेषा आणि खालची इंग्रजीची जाड पट्टी अशा दोन रेघांत मधलं सगळं तंबूच्या खांबांसारखं दिसतं. दिग्दर्शकाने घोड्याचा विषय काढला नाही. हॉलच्या दोरीवर वाळत घातलीत, फोटो टाकतोय.

विस्कॉन्सिनची वहिनी

अप्रतिम! मला एक प्रत हवी, पोस्टाचा खर्च देते. म्युझियममध्ये दाखवणार.

तिरपागडा

चांगलं झालंय. 'क' विशेष. इंग्रजी ओळ नसती तरी चाललं असतं हे मत कायम, पण तिकीट काढून येतो.

कानामात्रा

रफार!! किती ऐटीत बसलाय. 'स'ची मधली रेघ अजून अर्धा मिलिमीटर जाड चालली असती, पण हे मी माझ्या सरांसारखं बोलतेय, दुर्लक्ष करा.

जुना जुळारी

फोटो मोठा करून बघितला. शाई छान बसली आहे.

एस.

पावतीपुस्तक

काका, एस काय?

थांबा.

अरे देवा. दीडशेच्या दीडशे.

साधा वाचक

राहू द्या हो, सर्कस आहे, कुणीतरी डोक्यावर उभं असणारच.